सुग्रीवनं घरी ठेवलेली चकती

आष्टी तालुक्यात डोंगराच्या कडेनं ऊसतोड्यांची जी गावं आहेत, त्यातल्या एका गावात सुग्रीव केकाण राहतो. तो पुढारी नाही, पैलवान नाही, भजनात टाळ धरायलाही कधी बसलेला नाही. पण ट्रॅक्टरची ट्रॉली भरावी तर सुग्रीवनंच, हे पाच गावांत माहीत आहे. दसरा झाला की टोळ्या कारखान्यांकडे निघतात आणि एका ट्रॉलीत आठ-दहा बिऱ्हाडं बसवायची असतात. पत्रे, सरपण, पिठाचे डबे, अंथरुणं, कोंबड्या, एखादी शेळी, आणि या सगळ्यावर माणसं. भल्याभल्यांचं डोकं चालेनासं होतं. सुग्रीव मात्र बिडी विझवून ट्रॉलीत चढतो, कमरेवर हात ठेवून पसाऱ्याकडे एकदा बघतो आणि बायांना एकच प्रश्न विचारत सुटतो, "हे रोज लागतं का?"

रोज लागत असेल तर आत, नसेल तर मागं. त्यात वशिला चालत नाही. स्वतःच्या बायकोचा, छबुबाईचा, माहेरचा पितळी डबा त्यानं तीन साल मागं ठेवला. ती तीन साल कुरकुरली आणि चौथ्या साली तिनं तो बाहेरच काढला नाही. पण त्यानं भरलेली ट्रॉली घाटात कधी कलंडली नाही, हेही खरं. त्याचा त्याला अभिमान होता, आणि का नसावा? नाहीतरी बाकी कशाचा अभिमान धरायची सोय त्याच्या आयुष्यात फारशी नव्हतीच.

सुग्रीवला एकच लेकरू, करिष्मा. एकोणीस वर्षांची, जिल्ह्याच्या गावी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला, तिथंच वसतिगृहात राहते. सुग्रीव आणि छबुबाई वर्षातले सहा महिने फडात असायचे, तेव्हा लहानपणी ती आत्याकडे, भामाबाईकडे वाढली. शाळा बुडाली नाही, बारावी झाली, कॉलेज लागलं. गावात लोक म्हणायचे, "सुग्रीवनं पोरगी शिकविली बरं का." तो मान हलवायचा. बाप-लेकीत भांडण नव्हतं, पण भांडायला आधी एकत्र राहावं लागतं. उन्हाळ्यात ती घरी आली की जेवताना दोघं समोरासमोर बसायची, "भाकर वाढू का" इतकं बोलणं व्हायचं आणि उरलेलं छबुबाई बोलायची.

कॉलेजात करिष्मा डिस्क गोल्फ खेळायला लागली. हे नाव घरात कुणाला धड म्हणता येईना. तिच्या क्रीडाशिक्षिका रोहिणी मॅडम पुण्यात हा खेळ शिकल्या होत्या. त्यांनी वेल्डिंगवाल्याकडून मोटारसायकलच्या जुन्या साखळ्या लावून लोखंडी टोपल्या करून घेतल्या आणि कॉलेजामागच्या माळावर लांबलांब रोवल्या. ताटलीएवढी प्लास्टिकची चकती फेकायची, पडेल तिथून परत फेकायची, शेवटी साखळ्यांत अडकवून टोपलीत टाकायची. सगळ्यात कमी फेकीत सगळ्या टोपल्या पुऱ्या करील तो जिंकला. गावात चेष्टा झाली की केकाणाची पोरगी कॉलेजात जाऊन ताटल्या फेकायला शिकती. सुग्रीवही त्या हसण्यात सामील होता. मग एकदा मॅडम फोनवर छबुबाईला म्हणाल्या, "तुमच्या मुलीचं मनगट असं आहे की शिकवून येत नाही." तेव्हापासून नवरा-बायकोत ते मनगट कुणाचं यावर वाद सुरू झाला. वीस साल कोयता दोघांनीही चालवला होता, त्यामुळे वाद मिटायचा प्रश्नच नव्हता.

या खेळातला खरा वाद मात्र वेगळाच आहे, आणि तो सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. टोपलीजवळ गेल्यावर जी चकती अलगद टाकायची, तिला पटर म्हणतात. ती सरळ जाते आणि हळू उतरते. पण समोरून वारं आलं की ती उचलली जाते, मग कुठं पडेल याचा नेम नाही. त्यासाठी दुसऱ्या जातीची पटर मिळते, ओव्हरस्टेबल म्हणतात ती. टणक, जाड कडेची. वाऱ्याला ती दाद देत नाही, आपल्या वाटेनं जाते आणि शेवटी डावीकडे वळून धप्पकन बसते. पण वारं नसलं तरी ती डावीकडेच ओढते, म्हणून रोजच्या खेळात तिचा उपयोग शून्य. आता असली चकती पिशवीत वागवायची की नाही? बहुतेक जण म्हणतात, कशाला ओझं, एकच पटर नीट शिका. रोहिणी मॅडमही नव्या मुलींना हेच सांगायच्या. करिष्मा ऐकेना. तिचा सराव पवनचक्क्यांच्या माळावरचा, तिथलं वारं तिला ठाऊक. तिनं हट्ट धरला, मॅडमनी आपली जुनी दिली, आणि सहा महिन्यांत वाऱ्याच्या दिवशी करिष्मा मॅडमनाच हरवायला लागली. पोरींनी त्या चकतीचं नाव ठेवलं आडमुठी. साऱ्या कॉलेजात ती एकटीच बाळगायची.

मार्चच्या सुरुवातीला फडावर सुग्रीवच्या फोनवर तिचा फोन आला. आईशी बोलून झालं, आणि ती म्हणाली, "दादाकडं दे." बापाला ती दादा म्हणायची.

त्यानं हात पुसून फोन घेतला.

"दादा, महिनाअखेर युसूफ वडगावला निवड हाय. पहिल्या दोन पोरी राज्याला जाणार. पिशवी धरायला संग एक माणूस चालतो. तुमी याल का?"

"मी?"

"हां. बाकीच्या आपापल्या मैत्रिणींना आणतेत. मला तुमी या."

सुग्रीव "येतो की" म्हणाला, फोन बायकोच्या हातात दिला आणि उसाच्या सरीत जाऊन उगीचच चार कांड्या तोडून आला. एकोणीस वर्षांत पोरीनं त्याच्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. वह्या, चपला, फी, जे मागायचं ते आत्याकडे नाहीतर आईकडे मागितलेलं. संध्याकाळपर्यंत सगळ्या टोळीला कळलं की सुग्रीव केकाण पिशवी धरायला जाणार आहे. कुणीतरी विचारलं, "कसली पिशवी रं?" त्यालाही नीट सांगता आलं नाही, पण तो दिवसभर हसत होता. एवढी एक गोष्ट पोरीसाठी चोख करायची, असं त्यानं मनाशी धरलं.

पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, आणि टोळी घरी आली. करिष्मा निवडीआधी पाच दिवस घरी आली. रोज पहाटे ती गावामागच्या माळावर सरावाला जायची, आणि सुग्रीव तिच्या मागं. ती फेकायची, तो चकत्या गोळा करून आणायचा. तिनं त्याला एकेक चकती ओळखायला शिकवलं, ही लांब पल्ल्याची, ही मधली, ही पटर. चार दिवसांत बाप-लेक जितकं बोलली तितकं आधीच्या चार वर्षांत बोलली नसतील. सुग्रीवनं मन लावून सगळं पाहिलं, आणि त्याच्या लक्षात आलं की आडमुठी पिशवीतून निघतच नाही.

"हिला एकदा बी काढली न्हाई तू," तो म्हणाला.

"वारं न्हाई ना दादा सकाळचं."

"मंग वागवायची कावून?"

ती हसली. "एखाद्याच दिवशी लागती ती. पण त्या दिवशी दुसरं काईच चालत न्हाई."

त्यानं ऐकलं, म्हणजे लेकरांचं ऐकतो तसं ऐकलं. खरं तर त्याला त्या खेळाच्या जागेची तिच्यापेक्षा जास्त माहिती होती, असं त्याचं मत होतं. युसूफ वडगावच्या त्या शिवारात त्याच्या टोळीनं तीन साल ऊस तोडला होता. आंब्याची बाग, बाजूला तळं, तळ्याखाली नुसता ऊस. तिथं वाऱ्याची झुळूकसुद्धा लागत नाही, जीव गुदमरून जातो, पाण्यावाचून माणसाची कड लागत नाही, हे त्यानं स्वतःच्या अंगावर काढलेलं होतं.

निघायच्या दिवशी दुपारी करिष्मा न्हायला गेली होती. सुग्रीवनं तिची पिशवी पुढ्यात ओढली. कॉलेजचीच जुनी पिशवी, लहानशी. चकत्या, टॉवेल, भाकरी, तिळाची चटणी, पाण्याची एक बाटली. दुसरी बाटली काही केल्या मावेना. त्यानं सगळं बाहेर काढलं, वाकळेवर ओळीनं मांडलं, आणि वीस सालांच्या सवयीनं एकेका वस्तूवर बोट ठेवत गेला. बोट आडमुठीवर येऊन थांबलं.

"पोरीला इचारा की," चुलीपासून छबुबाई म्हणाली.

"इचारायचं काय त्यात? चार दिस बगतोय मी. आन् तिकडं पाणी लागतं, मला म्हाईत हाय का तुला?"

त्यानं आडमुठी टॉवेलाच्या टोकानं पुसली आणि फळीवर नीट ठेवली. दुसरी बाटली पिशवीत अशी बसली की चेन एका हातानं लागली. त्याला बरं वाटलं. करिष्मानं केस पुसत विचारलं, "सगळं भरलं का दादा?" आणि तो म्हणाला, "तू फिकीर करू नको." तिनं फिकीर केली नाही. एरवी आपली पिशवी स्वतः भरणारी पोरगी, त्या दिवशी बापावर सोडून मोकळी झाली.

मांजरसुंब्याला गाडी बदलून दोघं दिवस बुडताना वडगावला पोहोचली. दुसऱ्या दिवशी सकाळी खेळ सुरू झाला. अकरा पोरी, नऊ टोपल्या, दोन फेऱ्या. पहिल्या फेरीत वारं पडलेलं होतं आणि टोपल्या बहुतेक बागेत. करिष्मा दुसरी आली. सुग्रीव पिशवी छातीशी धरून तिच्या मागं दोन पावलांवर चालत होता, ती मागायच्या आधी चकती हातात देत होता. रोहिणी मॅडम हसून म्हणाल्या, "काका, तुम्ही तर तयारीचे निघालात." त्याची छाती फुगली. त्यानं पोरीला मधेमधे पाणीही पाजलं, आणि दोन बाटल्या आणल्या हे किती बरं झालं, असं दोनदा बोलून दाखवलं.

दुसरी फेरी बारानंतर. शेवटच्या तीन टोपल्या बागेबाहेर, तळ्याच्या बांधाखाली होत्या. आधीच्या फेरीत तिथं कुणाला काही जाणवलं नव्हतं. आता बागेतून बाहेर पडताच वाऱ्यानं सुग्रीवच्या डोक्यावरची टोपी उडाली. तो टोपी धरायला वळला आणि तिथंच उभा राहिला. सकाळी पिशवीच्या नादात जे ध्यानात आलं नव्हतं ते आता दिसलं, समोर ऊस नव्हता. तळ्यापासून पार सडकेपर्यंत मोकळं रान, आणि पाण्यावरून येणारं वारं त्यात कशालाही न अडता वाहत होतं.

या रानात त्यानं कितीतरी दिवस काढले होते, पण उसाच्या आत. उभ्या उसात वारं शिरत नाही. आणि ऊस पाडून झाला की टोळी त्याच सांजेला दुसऱ्या फडाकडे निघते, मोकळं झालेलं रान तोडणारा माणूस बघतच नाही. गावाला विचारलं असतं तर कुणीही सांगितलं असतं की उन्हाळ्यात या बांधावर उभं राहवत नाही. त्यानं कुणालाच विचारलं नाही, कारण त्याला माहीत होतं.

सातव्या टोपलीला करिष्माची दुसरी फेक टोपलीपासून पंचवीस पावलांवर पडली. वारं थेट तोंडावर. तिनं वाऱ्याचा अंदाज घेतला, आणि चेहऱ्यावर काळजी नव्हती, उलट किंचित हसूच होतं. बाकीच्या पोरी इथं गडबडणार हे तिला दिसत होतं. तिनं मागं न बघता पिशवीत हात घातला. सुग्रीव तिच्या हाताकडे बघत राहिला. हात एका कडेला गेला, दुसऱ्या कडेला गेला, तळाशी गेला आणि बाटलीवर थांबला.

"दादा, आडमुठी?"

"घरी हाय," तो म्हणाला. "बाटली बसंना, म्हणून."

तिनं बाटली काढली, दोन घोट पाणी प्याली, टोपण लावलं आणि बाटली त्याच्या हातात दिली. मग साधी पटर घेतली. चकती हातातून सुटली तेव्हा चांगली होती. दहा पावलांवर वाऱ्यानं तिला खालून उचललं आणि ती टोपलीच्या वरून, बांधाच्या पलीकडे गेली. तिथून परत यायला दोन फेकी. आठव्या टोपलीला तिनं चकती दाबून टाकली, ती अलीकडेच पडली. नवव्याला तिनं जीव तोडून खेळ केला. बाकीच्या पोरींचंही वाऱ्यानं वाटोळंच केलं होतं, आणि आडमुठी असती तर काय झालं असतं हे तिथल्या पोरासोराला कळत होतं. कुणाकडे उसनी मागायची तर तसली चकती अकरा जणींत दुसरी नव्हतीच. करिष्मा तिसरी आली. दुसरीपेक्षा दोन फेकी जास्त.

रोहिणी मॅडम धावत आल्या. "अगं, आडमुठी का काढली नाहीस? तुझाच दिवस होता आज."

"घरी विसरले मॅडम," करिष्मा म्हणाली.

सुग्रीवनं तोंड उघडलं. त्याला म्हणायचं होतं की ती नाही विसरली, मी काढली. तोवर मॅडम पोरीला बोलून पुढं निघून गेल्या. पोरीनं आपल्यावरचा दोष स्वतःवर घेतला आणि आपण गप उभे राहिलो, याची त्याला जेवढी शरम वाटली तेवढी हरण्याचीही वाटली नसेल.

आंब्याखाली बसून तिनं भाकरी सोडली. अर्धी त्याला दिली. त्याच्यानं खाववेना.

"मला वाटलं रोज लागत न्हाई तर कावून वागवायची," तो म्हणाला. "लई चुकलं माझं, करिष्मा."

"असू द्या."

"तू बोल मला. शिव्या दे."

"कावून देऊ?" तिनं चटणी भाकरीवर घेतली. आवाजात राग नव्हता, म्हणूनच त्याला ऐकणं जड गेलं. "तुमी लई मन लावून केलं, मी बगितलं की. तुमाला ठावं न्हाई दादा, मी सहा वरसाची होते. माझी पिशवी भरून ट्रॉलीपशी उभी व्हते. आई म्हणली, पोरीला घिऊ. तुमी वरून म्हणला व्हता, तिचं तिथं रोज काय काम हाय?"

सुग्रीव आठवायला लागला. त्या सालची ट्रॉली त्याला लख्ख आठवत होती. पत्रे डावीकडे उभे लावले होते, पिठाचे डबे मधे, शेळी मागच्या फळीला. किती बिऱ्हाडं होती, कुणाचं काय मागं राहिलं, सगळं आठवत होतं. ट्रॉलीजवळ पिशवी धरून उभी असलेली पोर काही केल्या आठवेना. त्याला रडू आलं. चारचौघांत, पोरीसमोर, त्यानं टोपीनं तोंड झाकलं आणि तो रडला.

"रडू नका," ती म्हणाली. "माझी शाळा झाली की त्याच्यानं." तिनं ते समजूत घालायला म्हटलं होतं, आणि ते खरंही होतं. भाकरीचा उरलेला तुकडा तिनं फडक्यात बांधून त्याच्या खिशात ठेवला.

मांजरसुंब्याला ती म्हणाली की घरी येत नाही, उद्या तास आहेत, सरळ वसतिगृहावर जाते. गाडी आली तशी तिनं हात पुढं केला. "द्या दादा पिशवी, मी घेते." पिशवी अजून त्याच्या खांद्यावरच होती. त्यानं ती उतरवून दिली. गाडी गेल्यावर तो धाब्यासमोरच्या बाकावर बराच वेळ बसला, आणि आष्टीकडची एक गाडी त्यानं तशीच जाऊ दिली.

आडमुठी त्यानं दुसऱ्याच दिवशी वसतिगृहावर नेऊन दिली. पावसाळ्यानंतर नगरकडे आणखी एक स्पर्धा झाली. ती झाल्यावर छबुबाईनं त्याला फोनवर फोटो दाखवला. करिष्मा पहिली आली होती. पिशवी तिच्याच खांद्यावर होती आणि शेजारी कुणी नव्हतं. "तुमाला सांगितलं न्हाई का तिनं?" छबुबाईनं विचारलं. तो म्हणाला, "सांगितलं आसंल, माझ्याच ध्यानात न्हाई."

या दसऱ्याला टोळी निघाली तेव्हा करिष्मा भेटायला आली होती. ट्रॉली भरून झाली. सुग्रीव खाली उतरून तिच्याजवळ गेला. सकाळपासून तो मनात शब्द जुळवत होता, पण तोंडातून साधंच निघालं.

"फुडं कदी निवड आसली तर बोलावशील का मला? पिशवीला हात लावणार न्हाई, नुसती धरीन. फडावरून येईन मी."

"बोलावीन की," ती म्हणाली. "फुडल्या बारीला नक्की."

ती गोड हसली, त्याची टोपी सरळ केली. सुग्रीवनं तो आवाज ओळखला. तो त्याचाच होता. त्या सालानंतर, ट्रॉलीवर उभं राहून, खाली निरोप द्यायला आलेल्या पोरीला त्यानं आठ साल सांगितलं होतं, "फुडल्या साली नक्की नेऊ तुला." असंच हसून, असंच मायेनं. तो खोटं बोलत नव्हता, दर साली त्याला ते खरंच वाटायचं. आणि तीही आता खोटं बोलत नव्हती.

ट्रॅक्टर सुरू झाला. छबुबाईनं हात देऊन त्याला वर घेतलं. करिष्मा दोन पावलं बाजूला झाली आणि ट्रॉली वळणाला लागायच्या आत घराकडे वळली.